जिवंत असल्यास खूण करावी

९ जून

श्वान क्रमांक ४१ चे मालक यांस,

आपल्या कुत्रीच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया आमच्या रुग्णालयात २ मार्च रोजी झाली. त्यास तीन महिने पूर्ण झाले आहेत. आपण सही केलेल्या संमतिपत्रानुसार दर तीन महिन्यांनी कुत्रीच्या प्रकृतीची चौकशी करणे आम्हांस आवश्यक आहे. आपणांस तीन वेळा दूरध्वनी केला. तो उचलला गेला नाही. सबब सोबत कार्ड पाठवीत आहोत. कुत्री जिवंत असल्यास पहिल्या चौकोनात खूण करावी. नसल्यास दुसऱ्या चौकोनात खूण करून तारीख लिहावी. वजन लिहावे. कार्डावर तिकीट लावलेले आहे.

इथवरचा मजकूर छापील आहे. पुढचा माझा.

बापू, मी इथे काम करते हे तुला माहीत नसणार. माहीत असतं तर भिंगरीला तू दुसरीकडे नेलं असतंस. तीस वर्षं कचेरीत आस्थापना विभाग सांभाळला, आणि निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत लक्षात आलं की मी घरातल्या भांड्यांना शिस्त लावते आहे. म्हणून या पशुवैद्यक महाविद्यालयात अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. डॉक्टर गाठ काढतात, प्रयोगशाळा ती तपासते, आणि त्यानंतर दोन वर्षं मी मालकांना विचारत राहते, आहे की गेली. आमचा शिपाई म्हणतो, बाई, यमाच्या कचेरीत तुमची बदली सहज होईल, अनुभव आहेच.

पाच वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. पण ते माझे होते. हे तीन रुग्णालयाचे आहेत. भिंगरीचा आपल्या भांडणाशी काही संबंध नाही. कार्ड पाठव.

ताई


१ जुलै

बापू,

कार्ड मिळालं. खूण पहिल्या चौकोनात, वजन सतरा किलो दोनशे. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. ‘इतर माहिती’ असं लिहून खाली पाच ओळी मोकळ्या सोडल्या आहेत, त्या तू तशाच मोकळ्या परत पाठवल्यास. लोक त्या पुरवून पुरवून वापरतात. एका गृहस्थांनी कुत्रीनं जावयाचा बूट खाल्ला हे कळवलं आणि जावयाच्या स्वभावाबद्दल दोन ओळी लिहिल्या. एका आजींना मी फोनवर विचारलं, तब्येत कशी आहे, तर म्हणाल्या, थांबा, तिलाच देते. आणि खरंच दिला. मी त्या कुत्रीचं भुंकणं अर्धा मिनिट ऐकून घेतलं आणि ‘जिवंत’ लिहिलं.

सही करताना तू कागद वाचला नसशील, म्हणून सांगते. काढलेल्या गाठीचा पापुद्र्याएवढा काप करतात आणि त्याला रंग देतात. ज्या पेशी वाढायच्या घाईत असतात त्या तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. शंभरात तपकिरी किती, तो आकडा. असे आणखी दोन-तीन आकडे असतात, पण आमच्या डॉक्टरांचा भरवसा यावर. गाठ दिसायला दोघींची सारखी असते, एक आठ वर्षं जगते आणि दुसरी आठ महिन्यांत जाते. ते आधी ओळखता येईल का, एवढंच त्यांना शोधायचं आहे. अजून काही ठरलेलं नाही, म्हणून आकडा मालकांना सांगत नाहीत. मलाही माहीत नसतो. माहीत झाला तर विचारताना माझा आवाज बदलेल, असं डॉक्टर म्हणतात. रजिस्टर कपाटात कुलूपबंद असतं.

मार्चमध्ये तू तिला घेऊन आलास तेव्हा मी तुला पाहिलं. तू बाकावर बसला होतास, तिचं डोकं तुझ्या मांडीवर, आणि तू तिच्या कानापाशी काहीतरी पुटपुटत होतास. मी दारातून मागे फिरले आणि तुझं नाव पुकारेपर्यंत सामानाच्या खोलीत हातमोज्यांची खोकी लावत बसले. ती आधीच लावलेली होती.

दुपारी उन्हात फिरवू नकोस.

ताई


१४ सप्टेंबर

बापू,

दुसरं कार्ड आलं. जिवंत. सोळा किलो चारशे. म्हणजे तीन महिन्यांत आठशे ग्रॅम उतरली. भिंगरी नऊ वर्षांची आहे, या वयात थोडं उतरतंच. काळजी करू नकोस.

एक काम कर. ती गाढ झोपली की घड्याळ लावून एका मिनिटात किती श्वास घेते ते मोज. तिसाच्या आत असतील तर ठीक. वर गेले, किंवा पायऱ्या चढताना खोकली, तर त्याच दिवशी इथे घेऊन ये. रविवार असला तरी ये. असं आम्ही सगळ्याच मालकांना सांगतो.

आता लिहायला बसलेच आहे तर ते दुसरंही लिहिते. पाच वर्षांपूर्वी तू मला म्हणालास, “ताई, तिला रोगानं नाही मारलं, तुझ्या खरेपणानं मारलं.” मी उत्तर दिलं नाही, कारण ती जाऊन तेरावा महिना लागला तरी तू ऐकण्याच्या स्थितीत नव्हतास. आज देते.

तुझ्या बायकोनं, माझ्या धाकटीनं, मला विचारलं होतं. मी आपणहून गेले नव्हते. तू औषधं आणायला गेला होतास, मी तिचे केस विंचरत होते, आणि तिनं आरशात बघत विचारलं, ताई, यकृतात पसरलंय का हो. तू सगळ्यांना ताकीद दिली होतीस, तिला कळता कामा नये. मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मला ठाऊकच होतं. आता मला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नका.”

म्हणजे त्या घरात प्रत्येकजण दुसऱ्यापासून तीच गोष्ट लपवत होता. पुढे ती तुला कुकर लावायला शिकवू लागली, कुठल्या डब्यात काय ते दाखवू लागली, आणि तुला उमगलं. त्यानंतर ती नऊ आठवडे जगली. मी हो म्हणाले नसते तर दहा जगली असती का, हे मला ठाऊक नाही. तुलाही नाही.

भिंगरी तिनं आणली तेव्हा मी म्हटलं होतं, आधीच एक नवरा आहे सांभाळायला, त्यात हे कशाला. तेव्हा तूही हसला होतास.

श्वास मोज.

ताई


१८ डिसेंबर

बापू,

कार्ड आज सकाळी आलं. टपाल बघताना मी तुझंच कार्ड पालथं करून शेवटी ठेवलं. इतर अकरा वाचली, नोंदली, मग तुझं. जिवंत. सोळा किलो चारशे. एक ग्रॅमसुद्धा उतरली नाही.

मी जागेवरून उठले आणि शिपायाला म्हटलं, आज सगळ्यांचा चहा माझ्यातर्फे. तो म्हणाला, बाई, कोण गेलं? या खात्यात आनंदाची बातमी कोणी ऐकलेलीच नाही.

आता खरं सांगते. मला आकडा माहीत होता. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, विश्वासू म्हणून. मार्चमध्ये तुझी सही पाहिली आणि पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचे निकाल आले त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. उभ्या जन्मात नियम मोडला नव्हता, तो असा मोडला. एक्केचाळीस नंबरसमोर लिहिलं होतं, अडतीस. शंभरातल्या अडतीस पेशी तपकिरी. विसाच्या पुढे गेलं की डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकते. तिशीच्या पुढच्या सगळ्या मिळून सहा कुत्र्या होत्या, त्यातल्या पाच दिवाळखोराच्या दुकानासारख्या भराभर आटोपल्या. फुप्फुसात गेलं होतं सगळ्यांच्या.

तुला सांगावं असं रोज वाटलं. पत्र लिहायला बसायची आणि तुझं ते वाक्य आठवायचं. एकदा सांगितलं तर पाच वर्षं गेली. पुन्हा सांगितलं तर उरलेलीही जातील. शिवाय सांगून करायचं काय होतं? हा आकडा खरा की खोटा हेच अजून ठरायचं होतं, त्याच्यावर औषध द्यायचं की नाही हेही. म्हणून श्वास मोजायला सांगितले. सगळ्या मालकांना सांगत नाही. फक्त तुला सांगितलं.

आणि आज नऊ महिने झाले आणि ती आहे. बापू, मला हरायला आवडत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पत्त्यांत हरले तरी मी दोन दिवस बोलायची नाही. पण आज मी इतकी धडधडीत हरले आहे की दिवसभर ओठ मिटेनात. डॉक्टर म्हणाल्या, एक्केचाळीसनं आम्हांला शहाणं केलं. अडतीसवाली जगते तर वीस-तिसामधल्यांना भीती कमीच, विसाची रेषा फार खाली ओढली असावी, ती तिसावर न्यायचा विचार आहे.

तिला माझ्याकडून काहीतरी खायला घाल. काय आवडतं तिला ते मला आता माहीत नाही.

ताई


६ एप्रिल

बापू,

मार्चचं कार्ड आलं. जिवंत. सोळा किलो चारशे.

मी तीस वर्षं लोकांची हजेरीपत्रकं तपासली आहेत. जो माणूस रोज नेमका दहाला दोन मिनिटं कमी असताना येतो तो येत नसतो, त्याची सही दुसराच करतो. जिवंत प्राण्याचं वजन ओळीनं तीनदा तेच भरत नाही. डिसेंबरमध्ये मला हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं.

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पशुवैद्याचा दवाखाना आहे. मी तिथे फोन केला. मदतनीस म्हणाला, साहेब नोव्हेंबरात आले होते, चादरीत गुंडाळून घेऊन आले होते, पण आणली तेव्हा ती गेलेलीच होती. डॉक्टर दाखला देतो म्हणाले तर नको म्हणाले. तारीख त्यांनी लिहून ठेवलेली नाही.

आता तू काय केलंस ते शांतपणे वाच. तुझ्या डिसेंबरच्या त्या खुणेनंतर डॉक्टरांनी रेषा विसावरून तिसावर नेली. जानेवारीपासून आकडा बघून औषध ठरवायला त्यांनी सुरुवात केली आहे. तिसाच्या वर औषध, खाली नुसती देखरेख. बावीस जानेवारीला शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई त्यांची कुत्री घेऊन आल्या. तिला त्या ‘मास्तरीण’ म्हणतात, कारण बाईंचा सूर चुकला की ती उठून बाहेर जाते. तिचा आकडा चोवीस आला. जुन्या रेषेनं तिला औषध मिळालं असतं. नव्या रेषेनं मिळालं नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही असं लिहिणार नाही. रागावले आहे. पण दोष वाटायला बसले तर मोठा वाटा माझ्याकडे येतो. मालक आपला भाऊ आहे आणि आकडा आपण पाहिला आहे, या दोन गोष्टी मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगायला हव्या होत्या. काल सांगितल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

सोबत कोरं कार्ड आहे. दुसऱ्या चौकोनात खूण कर आणि तारीख लिही. ती तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तारखेवाचून नोंद पुरी होत नाही, आणि नोंद पुरी झाल्याशिवाय रेषा परत खाली आणता येत नाही.

ताई


२१ एप्रिल

बापू,

तुझं कार्ड परवा आलं. मोकळ्या सोडलेल्या पाच ओळी तुला या वेळी पुरल्या नाहीत, तू कडेनं उभं लिहिलं आहेस, पत्त्याच्या बाजूलाही लिहिलं आहेस. पोस्टमन वाचत उभा होता. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

तू लिहिलंस:

“१९ नोव्हेंबर. मी कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो. शेजाऱ्यांना किल्ली दिली होती. रात्री श्वास मोजायचो, सव्वीस, सत्तावीस. तीस कधी झाले नाहीत म्हणून गेलो. परत आलो तर दाराच्या आत पडलेली होती, तोंड दाराकडे. आकडा कळला असता तर गेलो नसतो. डिसेंबरचं कार्ड आलं तेव्हा दुसऱ्या चौकोनात हात जाईना. मार्चचं आलं तेव्हा तुझं ते पत्र समोर होतं. ताई, तू एवढी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. तुला सांगवलं नाही.”

हे मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

तारीख रजिस्टरमध्ये चढवली. एक्केचाळीस नंबर, शस्त्रक्रियेपासून दोनशे बासष्ट दिवस. सहाच्या सहा गेल्या. रेषा पुन्हा विसावर आली. डॉक्टर मला नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त किल्ली मागून घेतली. मी लगेच दिली.

मी धाकटीला सांगितलं. तिनं विचारलं होतं, मी सांगितलं, आणि तू म्हणतोस ते चुकलं. तुला सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी सांगून चुकलं होतं. तर तेही चुकलं. भिंगरी दाराकडे तोंड करून पडली होती आणि तू दोन दिवस लांब होतास, हे माझ्या गप्प बसण्यामुळे. श्वास मोजायला सांगून मी स्वतःची सुटका करून घेतली होती, दुसरं काही नाही. आणि तू गप्प बसलास तो मला दुखवायचं नाही म्हणून, तर तिकडे गाणाऱ्या बाईंची कुत्री औषधावाचून राहिली. धाकटीला कळू नये म्हणून तू जी धडपड करायचास तिला मी पाच वर्षं भेकडपणा म्हणत आले. या वेळी ती तू माझ्यासाठी केलीस. मला ती कुठे ठेवायची ते समजत नाही. मी आयुष्यभर एक नियम धरून चालले, विचारलं की खरं सांगायचं. आता तो हातात धरला की त्याच्या दोन्ही बाजूंना धार आहे.

उद्या मास्तरीणच्या शस्त्रक्रियेला तीन महिने होतात. मी डॉक्टरांना विचारलं, औषध आता सुरू केलं तर? त्या म्हणाल्या, महिन्याच्या आत करायचं असतं, आता उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही, होणार नाही असंही सांगू शकत नाही. आणि चोवीस म्हणजे जाणारच असंही नाही, कितीतरी जगतात. मग बाईंना काय सांगायचं, असं मी विचारलं. त्यावर म्हणाल्या, “माझ्याकडे देण्यासारखं काही असतं तर मीच फोन केला असता. आपणहून सांगून त्यांची झोप घालवू नका. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका.”

त्या विचारणार, बापू. फेब्रुवारीत निकाल आल्यावर डॉक्टरांना भेटून जातानाच त्यांनी माझ्या टेबलापाशी थांबून विचारलं होतं, रिपोर्ट चांगला आहे ना हो? मी हो म्हणाले होते. तेव्हा ते खरं होतं.

त्यांची शाळा अडीचला सुटते, घरी पोचायला अर्धा तास. म्हणून फोन तीनला लावायचा असं कार्डावर लिहिलेलं आहे. मी चार कागदांवर चार तऱ्हेची वाक्यं लिहून पाहिली. एक तुझ्यासारखं, एक माझ्यासारखं, दोन मधली. मोठ्यानं वाचली तर चारही वाईट वाटतात. धाकटी असती तर तिला विचारलं असतं. ती नाही, म्हणून तुला विचारते आहे, आणि धाकट्या भावाला विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. आकडा सांगू, की गोड बोलून फोन ठेवू? तुला यातलं कुठलं हवं होतं ते तू लिहिलंस. पण धाकटीला कुठलं हवं होतं हे अजून आपल्या दोघांपैकी कोणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

फोनवर तुला विचारणार होते. सकाळी दोनदा लावला, वाजत राहिला. कामावर असशील. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. फोन उद्या तीनला आहे. तू हे वाचशील तोवर मी त्यांना काहीतरी सांगितलेलं असेल.

तुझी,
ताई